एरसमाने काय शिकवले?

समुद्रकाठच्या माणसाला समुद्राचे भय नवे नसते. वारा कोणत्या दिशेचा, पाण्याचा रंग कधी पालटला, हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. तरीही २९ ऑक्टोबर १९९९ या दिवशी ओडिशाच्या किनाऱ्यावर सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातील होती आणि त्यांतही बहुसंख्य एरसमा या समुद्रालगतच्या विभागातील. वादळाच्या तडाख्याची वर्णने पुष्कळ झाली. वादळ सरल्यावर त्या किनाऱ्याचे काय झाले आणि पुढच्या वीस वर्षांत त्या समाजाने काय उभे केले, याचे चिंतन मात्र आपल्याकडे फारसे झालेले नाही. आज त्याचाच विचार करायचा आहे.

कोजागरी होऊन पाच दिवस झाले होते. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि शेतात भात पिकत आला होता. अशा वेळी ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाचे चक्रीवादळ पारादीपजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याने घरे पाडली. पण माणसे मारली ती मुख्यतः पाण्याने. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडील भाग उथळ आणि निमुळता असल्याने वादळाने ढकललेले पाणी तेथे चढत जाते. त्या दिवशी पाच-सहा मीटर उंचीची लाट सखल भागात कित्येक किलोमीटर आत शिरली. किनारा ओलांडल्यावर वादळे सहसा पुढे सरकतात आणि क्षीण होतात. हे वादळ मात्र दीड दिवसाच्या आसपास जवळजवळ एकाच जागी घोंघावत राहिले. मातीच्या भिंती आणि पेंढ्याचे छप्पर यांचा त्यापुढे काय निभाव लागणार?

पाणी ओसरल्यानंतर

रस्ते झाडांनी अडले होते, दूरध्वनी बंद पडले होते, राजधानी भुवनेश्वरचाच बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला होता. एरसमाच्या अनेक गावांपर्यंत मदत पोहोचायला कित्येक दिवस लागले. तोवर जे जगले ते शहाळ्याच्या पाण्यावर आणि भिजलेल्या तांदळावर जगले.

पुढचे काम अंत्यसंस्काराचे होते आणि ते सर्वांत कठीण होते. शेतात, बांधावर, उन्मळलेल्या झाडांच्या फांद्यांत माणसांचे आणि गुरांचे देह अडकून पडले होते. सरपण ओले होते. मृतांची ओळख पटवणारे कुणी उरले नव्हते. पुष्कळ घरांत तर अग्नी द्यायलाच कुणी मागे राहिले नव्हते. उत्कल बिपन्न सहायता समितीचे स्वयंसेवक, रामकृष्ण मिशनची मंडळी, सैन्याचे जवान आणि नाव नसलेले असंख्य तरुण त्या चिखलात उतरले. ज्याचे नाव, जात, गाव काहीही ठाऊक नाही अशा देहाला आपल्या घरचा मानून अग्नी देणे ही सेवेची परिसीमा होय. ती तेथे पाहायला मिळाली.

पण चिता विझल्यावर संकट संपले नाही. खरे तर ते तेव्हा सुरू झाले. तळी आणि विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. शेतावर मिठाचा थर बसला होता. उभे पीक गेले, त्याबरोबर पुढच्या वर्षाचे बियाणे गेले आणि नांगराचे बैलही गेले. या भागातील शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारे विड्याच्या पानांचे मळे भुईसपाट झाले होते. मच्छीमाराची होडी आणि जाळे ही त्याची शेतीच. तीही समुद्राने परत नेली. मदतीच्या गाड्यांतून कपडे आले, चिवडा आला, ताडपत्र्या आल्या. बैल, होडी आणि गोडे पाणी गाडीतून येत नाही.

माणसांच्या मनाची स्थिती याहून निराळी नव्हती. वादळाला वर्ष उलटल्यावर किनाऱ्यावरील मुलांची वैद्यकीय पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी मोठ्या प्रमाणात मुलांमध्ये मानसिक आघाताची लक्षणे आढळली. मोडलेले घर सहा महिन्यांत उभे राहू शकते. ज्या मुलाच्या हातातून आईचा हात सुटला, त्याचे पुनर्वसन कोणत्या तक्त्यात मांडायचे?

अठ्ठावीस वर्षांचे विस्मरण

सज्जनहो, या सर्वांहून अस्वस्थ करणारी एक गोष्ट आहे. १९७१ साली याच पारादीप परिसरात, २९ आणि ३० ऑक्टोबरच्या मधल्या रात्री, असेच चक्रीवादळ आले होते. त्या वेळीही सुमारे दहा हजार माणसे गेली होती. किनारा तोच, महिना तोच, तारीख जवळजवळ तीच आणि मृतांचा आकडाही तोच! मधली अठ्ठावीस वर्षे कुठे गेली?

हवामान खात्याने १९९९ मध्ये सूचना दिली नव्हती असे नाही. सूचना होती; पण ती ऐकून माणसाने जायचे कुठे? मैलोगणती पक्की इमारत नव्हती. ताशी अमुक किलोमीटर वेग या शब्दांचा अर्थ झोपडीतल्या म्हातारीला कुणी समजावला नव्हता. अवघ्या बारा दिवसांपूर्वी, १७ ऑक्टोबरला, एक वादळ दक्षिणेकडे गोपाळपूरजवळ येऊन गेले होते. इकडच्या माणसांनी मनाशी म्हटले असेल, तसेच हेही जाईल. ज्या गावांजवळ रेडक्रॉसने बांधलेली चक्रीवादळ निवारागृहे होती, तेथील हजारो लोक वाचले. पण अशी निवारागृहे साऱ्या किनाऱ्यावर वीस-पंचविसांहून अधिक नव्हती.

निसर्गाने दिलेला आसराही आपणच तोडला होता. शेजारच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जेथे रुंद होता, तेथे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही ध्यानात ठेवावा : खारफुटीने वाचवले त्याहून अधिक जीव वेळेवर पोहोचलेल्या सूचनेने वाचवले.

स्मरणाची व्यवस्था

१९७१ चे दुःख खरे होते, पण त्याची व्यवस्था झाली नाही. १९९९ च्या दुःखाची झाली. वादळानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर १९९९ मध्ये, ओडिशाने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र राज्य प्राधिकरण स्थापन केले. देशातील अशा प्रकारची ही पहिली संस्था. आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदा झाला तो त्यानंतर, २००५ मध्ये. किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने आठशेहून अधिक निवारागृहे उभी राहिली. उंच खांबांवरच्या या इमारतींत एरवी शाळा भरते. हे फार शहाणपणाचे आहे. कारण जी इमारत रोज वापरात असते तिची किल्ली शोधावी लागत नाही आणि ज्या जिन्याने मूल रोज चढते तो त्याला अंधारातही सापडतो.

त्याहून मोठे काम माणसांचे झाले. गावोगावी समित्या झाल्या. सूचना कुणी द्यायची, अंध-अपंगांना आणि गरोदर स्त्रियांना कुणी न्यायचे, प्रथमोपचार कुणी करायचे, हे नावानिशी ठरले. वादळ नसताना वादळाचा सराव होऊ लागला. २९ ऑक्टोबर हा दिवस त्या राज्यात आपत्तीसज्जता दिन म्हणून पाळला जातो.

याची परीक्षा १२ ऑक्टोबर २०१३ रोजी झाली. फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ गोपाळपूरजवळ आले. सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले होते. ओडिशातील मृत्यूंची संख्या पन्नासच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी फनी हे वादळ पुरीजवळ धडकले; बारा लाखांच्या आसपास लोकांना हलवण्यात आले आणि ६४ जण दगावले. चौसष्ट हादेखील लहान आकडा नव्हे. ती चौसष्ट घरे आहेत. पण १९७१ आणि १९९९ च्या शेजारी तो ठेवून पाहावा, म्हणजे वीस वर्षांच्या मूक परिश्रमांचे मोल कळते.

येथे एक सावधगिरी हवी. फनीनंतर पुरी परिसर कित्येक दिवस अंधारात होता. नारळाची झाडे मोडली, घरांची छपरे उडाली. जीव वाचला, पण वाचलेल्या जीवाचे जगणे पुन्हा उभे करणे बाकीच राहिले. ते काम सरकारी पंचनाम्याने सुरू होते. पंचनाम्याने पूर्ण होत नाही.

आपला किनारा

हे सारे दूरच्या किनाऱ्याचे आहे असे आपल्याला आता म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळीचे झाड पडते एका तासात, आणि नव्या रोपाला सुपारी धरायला अनेक वर्षे लागतात. आजोबांनी लावलेली बाग गेली, की त्या घरातला तरुण मुंबईची वाट धरतो. वादळानंतर गाव असेही रिकामे होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. आपल्या गावात एकटी राहणारी वृद्ध माणसे किती, ती कोणत्या घरांत, हे कुणाला ठाऊक आहे काय? पक्की शाळा कोणती आणि तिची किल्ली रात्री कुणाकडे असते? खाडीकाठची कांदळवने तुटताना आपण काय करतो? बाग उभी राहीपर्यंतची वर्षे ते कुटुंब कशावर जगणार, याचा विचार करणारे गावात कुणी आहे काय? संकटात धावून जाण्याचा संस्कार आपल्या समाजात आहे आणि तो अभिमानास्पद आहे. पण धावून जाणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात; मार्चच्या उन्हात घरोघर हिंडून यादी करणाऱ्याची येत नाहीत. एरसमाच्या किनाऱ्याला अखेर वाचवले ते या दुसऱ्या प्रकारच्या सेवेने.

त्याच एरसमा विभागात नोलियासाही नावाचे मच्छीमारांचे एक छोटे गाव आहे. त्सुनामीला तोंड देण्यास सज्ज असलेले गाव म्हणून २०२० साली युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने त्याला मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेली भारतातील पहिली दोन गावे ओडिशाचीच, आणि त्यांपैकी हे एक. १९९९ मध्ये ज्या भूमीवर मृतांना नावे उरली नव्हती, तेथे आता प्रत्येक घराला बाहेर पडण्याची वाट ठाऊक आहे. आपल्या गावाची वाट कोणती, हे येत्या पावसाळ्याआधी आपण ठरवावे.