व्यवसायकौशल्याचे दान
(वार्षिक सभेतील भाषण)



धर्मादाय रुग्णालयास द्रव्यदान करणाऱ्यांविषयी आपणां सर्वांना कृतज्ञता आहेच. मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्याने आज निराळ्या दानाविषयी बोलणार आहे. ज्या विद्येवर आपला चरितार्थ चालतो, तिचे काही तास संस्थेला देणे, हे ते दान.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची असते. वाचावयास हे सोपे आहे. प्रत्यक्षात रुग्ण खाटेवर असतो आणि तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका गावी राहिलेली असते. कोणता कागद चालेल, अर्ज कोठे करावयाचा, हे शांतपणे समजावणारा एखादा निवृत्त महसूल कर्मचारी आठवड्यातून दोन सकाळी समाजसेवा कक्षात बसला, तर त्या कुटुंबाचा केवढा भार हलका होतो! निधीचा हिशेब दरमहा जुळविणे हे आम्हा लेखापालांचे काम. तो मागे पडला की शिल्लक किती हे कळत नाही, आणि मग देताना हात आखडतो.

येथे थोडे अप्रिय बोलतो. विनामूल्य काम करणाऱ्यास जाब विचारण्यास संस्था संकोचतात. अशिलाचे विवरणपत्र मुदतीत भरणारा गृहस्थ संस्थेचे काम मात्र सवडीने करतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून, वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचे विवरण प्राप्तिकर खात्याकडे दाखल करणे बंधनकारक झाले. त्यात हयगय झाली, तर देणगीदाराची करसवलत अडकते. म्हणून कामाचे स्वरूप, तास व मुदत लेखी ठरवावी आणि स्वयंसेवकाने त्याखाली स्वाक्षरी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळांचेही तेच. अभियंत्याने वर्षातून एकदा व्याख्यान देण्यापेक्षा प्रयोगशाळेतील बंद पडलेली उपकरणे दुरुस्त करून द्यावीत. (व्याख्यानाचा सोस कोणाला सुटला आहे? मीही तेच करीत आहे.)

उपस्थितांत विद्युत अभियंते, वकील, सीमाभागातील रुग्णांशी कानडीत बोलू शकणारे कोणी असल्यास त्यांनी आपले नाव, येणारे काम आणि निश्चित देता येतील असे वार व तास समाजसेवा कक्षातील नोंदवहीत लिहावेत. लेखापालांच्या पानावर सध्या माझे एकट्याचेच नाव आहे.