पटावरील मोल

(तळवली, नवी मुंबई येथील व्याख्यानाचा सारांश)



तळवली गाव जागचे हलले नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भोवती नवे शहर उभे राहिले आणि त्याच जमिनीचे मोल पालटले. बुद्धिबळाचे मर्म नेमके हेच आहे.

नवशिक्याकडून प्रथम कोष्टक पाठ करून घेतले जाते : प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. कोष्टक उपयुक्त खरे. पण ते अंतिम सत्य नव्हे. पटाच्या मध्यावरील घोडा ८ घरांवर जरब ठेवतो. कोपऱ्यात गेला की अवघ्या २ घरांवर. रिकाम्या पटावर हत्तीला कोठूनही १४ घरे मोकळी असतात. परंतु स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला हत्ती असून नसल्यासारखा. उलट, अखेरच्या घरापासून एकच पाऊल दूर असलेले, अडविणारे कोणी नसलेले प्यादे प्रतिपक्षाच्या हत्तीलाही जखडून ठेवते. कडेचे प्यादे आणि एक उंट हाती असूनही, वजीर होण्याचे घर उंटाच्या रंगाचे नसेल आणि प्रतिपक्षाचा राजा त्या कोपऱ्यात आधी पोहोचला, तर डाव बरोबरीत सुटतो. गुणांची आघाडी वाया जाते.

इतिहासाची साक्षही हीच. १६६१ साली कारतलबखानाची मोठी फौज उंबरखिंडीच्या अरुंद, दाट रानात शिरली आणि तिची संख्याच तिचा अडसर ठरली. शिवछत्रपतींनी मोजके मावळे नेमक्या जागी ठेवले होते. खानाला शरण यावे लागले.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख बाटुमी येथील महिला विश्वचषकात उतरली, तेव्हा तिच्या नावावर ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीवर मात करून ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. कोष्टकावरून माणसाचे मोल ठरविणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर कोणते हवे?

संघटनेत आणि कुटुंबातही ‘हा काही कामाचा नाही’ असा शेरा सहज मारला जातो. कोपऱ्यातल्या घोड्याने स्वतःहून कोपरा निवडलेला नसतो. त्याला तेथे ठेवणारा हात खेळाडूचा असतो. निरुपयोगी माणूस नसतोच. योग्य जागी योजणारा मात्र विरळा, असे आपले सुभाषितकार सांगून गेले. म्हणून शेरा मारण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने, प्रत्येक पालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मोहरा उणा आहे, की त्याला दिलेले घर?