बालकाची वाणी आणि घरचा संवाद



मठाच्या वर्धापनसोहळ्यात बालकांच्या वाणीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हे मी माझे भाग्य समजतो. विषय लहानग्यांचा असला तरी त्याचा भार आपणा वडीलधाऱ्यांवर आहे. हैदराबादेतील मराठी कुटुंबात घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दख्खनी आणि शाळेत इंग्रजी असा नित्याचा व्यवहार असतो. अशा घरातील मूल बोलण्यास उशीर करू लागले की कोणी तरी हितचिंतक सांगतो, ‘इतक्या भाषांनी मूल गोंधळते, घरची मराठी सोडा.’ आईबाप घाबरून मराठी सोडतात आणि आजीआजोबा नातवाला परके होतात. हा सल्ला योग्य आहे काय, याचा विचार आपण करू.

प्रथम वाणी कशी उमलते ते पाहू. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बालक आईचा आवाज ओळखते. दोनतीन महिन्यांत हुंकार, सहासात महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरमाला, वर्षाच्या आगेमागे पहिला सार्थ शब्द आणि दुसरे वर्ष संपेतो ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडणी, हा सामान्य क्रम होय. त्यात थोडे मागेपुढे होतेच. मात्र बोलण्याच्या पुष्कळ आधी समजणे येते, हे विसरू नये.

कानाची तयारी तर त्याहून आधीची. 1984 साली कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनी दाखविले की, इंग्रजी घरांतील सहाआठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद कळत होता. परंतु वर्ष भरत आले तसा तो बहुतेकांना कळेनासा झाला. जे ऐकू येत नाही ते कान सोडून देतो. आपल्या घरचे मूल हा भेद जपते, कारण तो त्याच्या कानी रोज पडतो.

मूल केवळ पोपटपंची करीत नाही. ‘बसलं’, ‘हसलं’ ऐकून ते एके दिवशी ‘मी करलं’ म्हणते. ‘करलं’ त्याला कोणीही शिकविलेले नसते. त्याने नियम शोधला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी त्याला हसू नये. ‘हो, तू केलंस!’ एवढे म्हणावे; शुद्ध रूप आपोआप कानी पडते.

परंतु नुसता ध्वनी पुरेसा नाही. 2003 साली अमेरिकेत पॅट्रिशिया कुल् व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकविली. ज्यांच्याशी माणूस समोर बसून बोलला त्यांनी तिचे ध्वनी आत्मसात केले. ज्यांनी तेच चित्रफितीवर पाहिले वा नुसते ऐकले त्यांना लाभ झाला नाही. मुलाच्या हाती मोबाईल देऊन जेवू घालणाऱ्यांनी याचे मनन करावे. वाणी देवाणघेवाणीत वाढते. बालकाने बोट दाखवावे, आपण नाव सांगावे. त्याने हुंकार द्यावा, आपण उत्तर द्यावे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अपत्याच्या बोबड्या बोलांनी आईबापांना होणाऱ्या अधिक संतोषाचा दृष्टान्त आला आहे. तो संतोष हेच बालभाषेचे खतपाणी.

आता अनेक भाषांविषयी. त्यांच्यामुळे वाणीचा विकास खुंटतो, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजावयाचे तर दोन्ही भाषांतील मिळून मोजावेत. ते भाषा मिसळते, तेही आजाराचे लक्षण नव्हे. आपल्या नगरीची दख्खनी स्वतःच अशा सहवासातून घडली. तिचे ‘नक्को’ म्हणजे मराठीचे ‘नको’च! 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तेथे शिकलेल्या मराठी मंडळींनी उर्दूत विद्या संपादन केली आणि घरी मराठी राखली.

खरा विलंब असेल तर त्याचे कारण घरच्या भाषेत न शोधता प्रथम श्रवण तपासावे. जन्मतः बहिरे मूलही आरंभी हुंकार देते, म्हणून घरच्यांची फसगत होते. सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही अक्षरमाला वा बोट दाखविणे नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जुळत नसतील, अथवा आलेले शब्द हरपत असतील, तर ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नये. नवजात अर्भकाचीही श्रवणपरीक्षा होऊ शकते. अली यावर जंग हे आपल्या हैदराबादचे, उस्मानियाचे कुलगुरू आणि 1971 ते 1976 महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यांचे नाव धारण करणारी वाणी व श्रवणदोषविषयक राष्ट्रीय संस्था 1983 साली मुंबईत निघाली. तिचे केंद्र सिकंदराबादेस मनोविकासनगरात आहे. तेथे जाण्यात कसला कमीपणा? ज्याला ऐकू येत नाही त्यालाही भाषेचा अधिकार आहे; मग ती यंत्राच्या साहाय्याने येवो वा हातांच्या खुणांनी.

माताभगिनींनो, अंगाई, गोष्ट, सायंकाळची प्रार्थना आणि पंगतीतील गप्पा यांसाठी द्रव्य लागत नाही, वेळ मात्र लागतो. तो द्यावा, आणि तो देताना आपल्याला जी भाषा अंतःकरणातून येते तीच बोलावी. नातू आजीशी बोलू शकला, तर पुढच्या पिढीला मागच्या पिढीचे सारे धन आपसूक मिळेल. ही सुबुद्धी आपणा सर्वांस लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.