ताळेबंदाची शिकवणी



वीस वर्षं कोड लिहिला. गेल्या वर्षी संचालकपद समोर आलं आणि आठवडाभर मी उत्तरच दिलं नाही. ताळेबंद वाचता येत नाही, हे सांगायची लाज!

तेव्हा आपल्या पुण्याच्या थरमॅक्सच्या अनु आगा आठवल्या. शिक्षण समाजकार्याचं, काम मनुष्यबळ विभागात. १९९६ मध्ये पती गेले आणि अध्यक्षपद अंगावर आलं. पुढे कंपनी तोट्यात गेल्यावर त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळ बदललं. येत नाही ते विचारून घेतलं. (२००४ मध्ये मुलीकडे सूत्रं देऊन बाजूलाही झाल्या, मला तर ते जास्त अवघड वाटतं.)

मी होकार कळवला. हल्ली वारज्यातल्या घरी जेवणं झाली की कॉमर्सवाला मुलगा मला ताळेबंद शिकवतो. चुकलं की आपल्या गणिताच्या बाईंसारखाच चष्म्यावरून बघतो.