बुर्किना फासो : बाजरीच्या माहेरची ओळख

 

आज एका लांबच्या देशाची ओळख करून घेऊ. नाव जरा अवघड आहे, पण दोनदा म्हटलं की जिभेवर बसतं. बुर्किना फासो. आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात हा देश आहे. तुम्ही म्हणाल, त्याचा नि आपला संबंध काय? संबंध आपल्या चुलीपर्यंत आहे. संक्रांतीला आपण तीळ लावून जी बाजरीची भाकरी करतो, त्या बाजरीचं माहेर तो भाग आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला कोरड्या जमिनीचा एक लांब पट्टा आहे, त्याला साहेल म्हणतात. तिथं हजारो वर्षांपूर्वी माणसानं पहिल्यांदा बाजरी पेरली आणि मग ती आपल्याकडं आली. चवळीसुद्धा तिकडचीच. ज्वारीही आफ्रिकेतून आलेली. आपली गोरखचिंच आठवा, तेच ते प्रचंड बुंध्याचं झाड. तिकडं ते गावोगाव आहे आणि त्याच्या पाल्याची भाजी रोजच्या जेवणात असते. बाजरीचं नाहीतर ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात घाटून घट्ट गोळा करतात, त्याला ‘तो’ म्हणतात. पाल्याच्या कालवणाशी तो खातात. म्हणजे ताट वेगळं, पण धान्य आपलंच.

आता देश कसा आहे ते बघू. आपल्या महाराष्ट्रापेक्षा तो थोडा लहान आहे, पावणेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. लोकसंख्या मात्र सव्वादोन कोटींच्या जवळपास. राजधानीचं नाव वागाडुगू. मोसी समाजाचे लोक सगळ्यांत जास्त आहेत आणि त्यांची भाषा मोरे. त्याशिवाय जुला, फुलानी अशा पुष्कळ भाषा आहेत. मुसलमान जास्त, ख्रिस्तीही बरेच, आणि जुने आपापले देव मानणारेही आहेत.

या देशाला समुद्र नाही. चारी बाजूंनी सहा देश आहेत : माली, नायजर, बेनिन, टोगो, घाना आणि आयव्हरी कोस्ट. समुद्र नसला म्हणजे काय होतं? डिझेल, खत, औषध, यंत्र, सगळं दुसऱ्याच्या बंदरात उतरतं आणि हजार किलोमीटरच्या आसपास ट्रकनं नाहीतर रेल्वेनं येतं. आपला कापूस विकायचा तरी तोच रस्ता. येताना भाडं आणि जाताना भाडं. घेताना महाग, विकताना स्वस्त. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ साल उजाडलं. वाट लांब असली की शेतकऱ्याच्या पदरात किती कमी पडतं, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय.

तिथं पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, आपल्यासारखाच. उत्तरेकडं पाचशे मिलिमीटरच्या आसपास, दक्षिणेकडं त्याच्या जवळपास दुप्पट. आपल्या बीडची सरासरी या दोन्हींच्या मधली. उरलेले आठ महिने कोरडे. मग माणसं काय करतात? कामाला बाहेर जातात. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये कोको आणि कॉफीचे मळे आहेत. चॉकलेट ज्यापासून करतात तो कोको. तिथं बुर्किनाचे लाखो लोक राबतात. आपल्याकडं दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन कारखान्याला जातात. तिकडं बहुतेक वेळा पुरुष जातो आणि बाई मागं राहते : म्हातारी माणसं, लेकरं, शेळ्या आणि शेत घेऊन.

आता थोडा इतिहास. हा देश फ्रेंचांच्या ताब्यात होता. ५ ऑगस्ट १९६० ला तो स्वतंत्र झाला. तेव्हा त्याचं नाव अप्पर व्होल्टा होतं, नदीवरून ठेवलेलं. १९८३ मध्ये थॉमस संकारा नावाचा तेहतीस वर्षांचा लष्करी अधिकारी सत्तेवर आला. त्यानं पुढच्या वर्षी देशाचं नाव बदलून बुर्किना फासो केलं. अर्थ असा, की ताठ मानेनं, इमानानं जगणाऱ्यांचा देश. त्यानं लाखो लेकरांना गोवर, मेंदूज्वर आणि पिवळ्या तापाच्या लसी टोचून घेतल्या. देशातल्या कापसाचं, बायांनी मागावर विणलेलं कापड सरकारी नोकरांना घालायला लावलं. जबरदस्तीची लग्नं आणि मुलींची सुंता यांच्याविरुद्ध तो उघड बोलला. एकदा तर पुरुषांनीच बाजारात जाऊन भाजीपाला आणायचा आणि स्वयंपाक करायचा, असा दिवस त्यानं ठरवला. घर चालवायला काय लागतं हे त्यांना कळावं म्हणून. १९८७ मध्ये संकाराला ठार मारण्यात आलं. त्याच्या जागी जो माणूस बसला तो सत्तावीस वर्षं हलला नाही. शेवटी २०१४ मध्ये लोक रस्त्यावर आले. तेव्हा वागाडुगूच्या बाया ‘तो’ घाटायचे लाकडी चाटू हातात उंच धरून मोर्चाला निघाल्या. बाईनं पुरुषावर चाटू उगारणं ही तिकडं फार मोठी नाचक्की समजतात. चार दिवसांत राष्ट्राध्यक्षाला खुर्ची सोडावी लागली.

आता मैत्रिणींनो, ज्यासाठी हा देश मला तुम्हाला सांगायचा होता, तिकडं वळू.

आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ पडला. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ली. त्याच सुमाराला साहेलमध्येही दुष्काळ होता. तिथं तो १९६८ पासून चालू होता आणि पाच-सहा वर्षं हटला नाही. जनावरं मेली, गावं ओस पडली. देशाच्या उत्तरेला यातेंगा नावाचा भाग आहे. तिथली जमीन तर इतकी कडक झाली होती की पाऊस पडला तरी पाणी आत जाईना. फरशीवरून वाहावं तसं वाहून जाई आणि वरची माती घेऊन जाई. 

मग १९८० च्या आसपास तिथल्या शेतकऱ्यांनी दोन कामं हाती घेतली. पहिलं काम दगडी बांधांचं. शेतात एका पातळीत दगडांच्या वीतभर उंचीच्या रांगा रचायच्या. पाणी अडवून धरायचं नाही, फक्त त्याला हळू करायचं. दगडांच्या फटीतून पाणी झिरपत पुढं जातं आणि गाळ, पाला, बी मागं ठेवून जातं. पातळी कशी काढायची? गवंडी वापरतो तीच पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रकल्पातून ही नळी शेतकऱ्यांच्या हातात आली आणि लिहितावाचता न येणारी माणसंही एक-दोन दिवसांत ती शिकली. आपल्याकडं २०१६ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत अंबाजोगाई तालुका होता. तिथं ज्या जणींनी श्रमदान केलं, त्यांना समतल चराची आखणी माहीत आहे. तत्त्व तेच.

दुसरं काम खड्ड्यांचं. त्याला तिकडं ‘झाई’ म्हणतात. पद्धत जुनीच होती. याकुबा सावाडोगो नावाच्या एका शेतकऱ्यानं ती सुधारली. उन्हाळ्यातच कडक जमिनीत वीतभर रुंद आणि त्याहून थोडे कमी खोल खड्डे घ्यायचे, एकमेकांपासून दोन-अडीच फुटांवर. प्रत्येकात ओंजळभर शेणखत नाहीतर कुजलेला पाला टाकायचा. खताच्या वासानं वाळवी येते आणि जमिनीत बारीक भोकं पाडते. त्या भोकांतून पहिल्या पावसाचं पाणी खाली मुरतं. मग त्याच खड्ड्यात बाजरी नाहीतर ज्वारी टोकायची. मध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला तरी रोप तग धरतं. उन्हाळ्यात खड्डे घेणाऱ्या याकुबाला लोक वेडा म्हणायचे. पण पीक आलं आणि लोक शिकायला येऊ लागले. त्याच्या खतातून झाडांचं बी उगवलं, ते त्यानं जपलं आणि उजाड माळावर पंचवीस हेक्टरांहून मोठं जंगल उभं राहिलं. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड हा जगातला मानाचा पुरस्कार मिळाला. २०२३ च्या डिसेंबरात तो वारला. दगडी बांध आणि झाई मिळून त्या देशात दोन लाख हेक्टरांहून जास्त पडीक जमीन पुन्हा पिकाखाली आली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. झाई ही बरड, कडक, हलक्या जमिनीसाठी आहे. आपल्या भारी काळ्या रानात असे खड्डे घेतले तर पाणी साचून मुळं कुजतील.

आता कष्टाचा हिशेब बघा. एका हेक्टराला बारा-पंधरा हजार खड्डे लागतात. ते खणायला एका माणसाचे तीनशे ते साडेचारशे तास जातात. बांधाचे दगड मैलोन्‌मैल वाहावे लागले. पुरुष कामाला परदेशात. मग दगड कुणाच्या डोक्यावरून आले? बायांच्या. त्याच यातेंगामध्ये १९६७ पासून ‘नाम’ नावाचे गट आहेत, आपल्या बचत गटांचे आतेभाऊच म्हणा. लेदेआ वेद्राओगो नावाच्या शिक्षकानं गावातल्या जुन्या एकत्र कामाच्या चालीवरून ते सुरू केले. बाया त्यांत मोठ्या संख्येनं आल्या. या गटांनी तळी खणली, पिठाच्या गिरण्या घातल्या, धान्य बँका काढल्या.

पण जमीन कुणाची? रिवाज असा, की जमीन कुळाची आणि तिचा कारभार पुरुषाकडं. बाईला कसायला एक तुकडा मिळतो, तोही सहसा नापीक. तिनं दगड लावून, खड्डे घेऊन, खत घालून तो पिकता केला की घरातला कुणीतरी तो परत मागतो. चांगला झाला ना, मग आता आम्हाला द्या. कॅरिटे नावाच्या झाडाचंही तसंच. आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातलं हे झाड. त्याच्या बिया वेचणं, भाजणं, कुटणं, घुसळून लोणी काढणं हे सगळं काम बायांचं. ते लोणी जगभर चॉकलेटात आणि तोंडाला लावायच्या क्रीममध्ये जातं. पण झाड पुरुषाच्या जमिनीत. २००९ मध्ये तिथं ग्रामीण जमिनीचा नवा कायदा झाला आणि त्यात बायांनाही जमिनीचा हक्क मान्य केला. कायदा झाला, पण कागद घरोघरी पोचला नाही. कागदाचं महत्त्व याकुबालाही कळलं. वाहिगुया शहर वाढत आलं तेव्हा त्याच्या जंगलातच घरांचे प्लॉट पडले. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर एका तुकड्यावर राबणाऱ्या बाईचं काय?

आणि आता त्या देशावर मोठं संकट आहे. दहा वर्षांपासून सशस्त्र टोळ्या गावांवर हल्ले करताहेत. २०२२ मध्ये लष्करानं दोनदा सत्ता उलथवली. २०२३ पर्यंत वीस लाखांहून जास्त लोक घरदार सोडून निघाले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. त्या एक दिवस परत येतील, तेव्हा हे शेत माझं हे त्या कशाच्या आधारावर सांगणार? दगडांच्या रांगा तर कुणाचं नाव सांगत नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, बाजरीच्या माहेरचा हा निरोप आहे. जमीन सुधारायला हात लागतात आणि ती टिकवायला कागद लागतो. आपण पहिलं करतो आणि दुसरं राहून जातं. तेव्हा येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ आणायचा. मोठ्यानं वाचायचा. किती उताऱ्यांवर बाईचं नाव आहे ते मोजून वहीत लिहायचं. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता यावं म्हणून महाराष्ट्रात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तिची चौकशी तलाठ्याकडं करायची, एकटीनं न जाता चार-पाच जणींनी मिळून. ज्यांचा नवरा वारलाय त्यांनी वारसाची नोंद झाली का ते आधी बघायचं. २००५ च्या कायद्यानं लेकीलाही वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, हेही घरात बोलायचं. भांडायला नको, बोलायला हवं.

आणि ज्यांच्याकडं बरड जमिनीचा तुकडा पडून आहे, त्यांनी येत्या उन्हाळ्यात एका गुंठ्यात झाई करून बघावी. शेजारी तेवढ्याच जागेत नेहमीसारखी बाजरी पेरावी. सुगीला दोन्हीकडचं धान्य वेगवेगळं मापावं आणि गटाला सांगावं.

बरं, येते. नमस्कार.