भूकंप आणि आपले घर



भूकंपाची बातमी ऐकली की आपण "नशिबात होते ते झाले" असे म्हणून मोकळे होतो. किल्लारीची हकीकत नीट पाहिली तर या बोलण्याचा फेरविचार करावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत धरणी हादरली. रिश्टर मापावर धक्का सुमारे ६.२ चा होता. माणसे गाढ झोपेत होती. जवळजवळ १०,००० जीव गेले. याहून मोठे भूकंप होऊनही कित्येक ठिकाणी एवढी हानी होत नाही. मग येथेच का झाली?

याचे उत्तर घरांच्या भिंतींत आहे. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, त्यांचा आतला थर वेगळा व बाहेरचा वेगळा. दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही. वर मातीचे माळवद, आणि ते गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा टाकलेली माती. अशी घरे उन्हाळ्यात थंड राहतात, म्हणून ती सर्वांना सोयीची वाटत. पण जमीन हलताच भिंतींचे थर सुटले आणि माळवदाचा सारा भार झोपलेल्यांवर आला.

तो भाग त्या वेळी भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जाई. १९९२ साली तेथे लहान धक्के बसले, तरी घरे होती तशीच राहिली.

भूकंप केव्हा होईल हे आजही कोणी सांगू शकत नाही. घर कसे बांधावे हे मात्र सांगता येते. पालकहो, दगडी भिंत बांधताना ठराविक अंतरावर आरपार दगड घाला. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. जुन्या माळवदावरील जादा माती जाणत्या गवंड्याला विचारून उतरवा. मुलांच्या उशाशी जड कपाट ठेवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात धक्का जाणवला तर जिन्याकडे धावू नका. बाकाखाली शिरा, डोके झाका, बाकाचा पाय घट्ट धरा. धक्का थांबल्यावर रांगेने मैदानात या. याचा सराव वर्षातून दोनदा तरी करा आणि घरी गेल्यावर धाकट्या भावंडांनाही शिकवा.

लग्नकार्यासाठी आपण वर्षभर आधीपासून तरतूद करतो. तशीच थोडी तरतूद या भिंतींसाठी करावी, एवढीच विनंती.