आपला गट कुठला?

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या बैठकीत मी नेहमी पोटगी, रेशनकार्ड, घरातली मारहाण यांवर बोलते. आज मला सायकलवर बोलायला सांगितलंय. बायकांच्या सायकल क्लबमध्ये नव्या बाईनं कुठल्या गटात जावं, असा विषय आहे. तुमच्यापैकी काहीजणींना हे हौशी बायकांचं काम वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण गेल्या तीन वर्षांत या गटांच्या निमित्तानं मला स्वतःबद्दल आणि आपल्या संघटनेबद्दलही काही शिकायला मिळालं, म्हणून बोलते.

आमच्या क्लबमध्ये तीन गट आहेत. पहिला सावकाश जाणारा, ताशी १२ ते १५ किलोमीटर. दुसरा मधला, १६ ते २०. तिसरा वेगवान, २२ च्या पुढे. मी समाजकार्यात एम. ए. केलं, वस्त्यांमधून दिवसभर पायपीट करते, तेव्हा सावकाश गट आपल्यासाठी नाही असं मी गृहीत धरलं. शिवाय त्या गटात साठीच्या काकू होत्या. खरं सांगायचं तर, त्यांच्यात बसणं मला कमीपणाचं वाटलं. मी मधला गट निवडला.

दुसऱ्याच रविवारी बोपदेव घाट ठरला. सपाटीवर मी कशीबशी टिकले. घाट सुरू झाल्यावर पाच मिनिटांत एकटी पडले. पुढच्या बायका वळणाआड गेल्या. थोडं वर गेले आणि मागचं चाक पंक्चर झालं. सकाळचे सव्वासहा, रस्त्यावर मी एकटी. दोन मोटारसायकली मुद्दाम वेग कमी करून गेल्या. बायकांना ‘रात्री-बेरात्री बाहेर पडण्याचा हक्क’ सांगणारी मी, तिथे दगडावर बसून रडले. एका टेम्पोवाल्या दादांनी सायकल मागे टाकून मला खाली आणून सोडलं. क्लबच्या लक्षात आलं तेव्हा मी घरी पोचले होते.

त्यानंतर तीन महिने मी गेले नाही. घरी कारण विचारलं तर ‘वेळ नाही’ म्हणाले. वस्तीतली एखादी बाई बचतगटात यायची बंद होते तेव्हा तीही हेच सांगते, आणि आम्ही ते वहीत लिहून पुढे जातो. मला त्या वहीची आठवण झाली.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे एक आशा सेविका यायला लागल्या. काळी जुनी, बिनगियरची सायकल, अंगावर साडी. कुणी काही न विचारता त्यांना सावकाश गटात घातलं. त्यांनीही मान डोलावली, ‘मी आपली मागेच बरी’ म्हणाल्या. महिनाभरानं कळलं, की त्या रोज घरभेटींसाठी १४-१५ किलोमीटर सायकल चालवतात, पाठीला औषधांची पिशवी घेऊन. मधल्या गटातल्या निम्म्या बायकांपेक्षा त्या सहज पुढे गेल्या असत्या. आम्ही त्यांची सायकल आणि साडी पाहून गट ठरवला होता. माझा गट मी अहंकारानं चुकवला आणि त्यांचा आम्ही सगळ्यांनी मिळून चुकवला. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी आम्हाला विरोध केला नाही. आयुष्यभर ज्यांना मागे उभं केलं जातं, त्यांच्याकडून असा विरोध किती अपेक्षित धरायचा?

या दोन अनुभवांनंतर आम्ही क्लबमध्ये बसून चर्चा केली. भांडणंही झाली. त्यातून जे निघालं ते सांगते, तुमच्या वस्तीत बायकांचा सायकल गट काढायचा असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, स्वतःची कसोटी. सायकल चालवताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का? येत असेल तर तो वेग तुमचा. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर गट वरचा झाला. घड्याळ, मोबाईल, काही लागत नाही. आणि हे सपाटीवर पाहू नका, चढावर पाहा. समोरून वारा असताना पाहा. गटाचा वेग सांगताना तो पूर्ण फेरीचा सरासरी वेग आहे की सपाटीवरचा, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

दुसरं, वेळेचा हिशेब. पायांत ताकद आहे पण घरी साडेसातला पाणी येतं, डबा करायचाय, सासूबाईंना औषध द्यायचंय, हाही गट निवडण्याचाच भाग आहे. साडेपाचला निघून साडेसातला घरी यायचं, मध्ये २० मिनिटं थांबायचं, तर हातात १०० मिनिटं उरतात. ताशी १५ नं ती २५ किलोमीटर होतात. म्हणजे शहरातून खडकवासल्याला जाऊन येणं त्यात बसत नाही, अर्ध्यातून वळावं लागतं. म्हणून प्रत्येक रस्त्यावर मधूनच परतण्याची एक जागा आम्ही आधीच ठरवतो, आणि परतणाऱ्या बाईबरोबर एक जण परतते. ‘लवकर गेली’ असं कुणी म्हणायचं नाही. घरातलं काम वाटलं जात नाही तोवर बाईचा वेग तिच्या एकटीच्या हातात नाही, हे आपण इथे अनेकदा बोललो आहोत.

तिसरं, सावकाश गटात कुणालाही मागे सोडायचं नाही. सर्वांत पुढे एक जण, सर्वांत शेवटी एक अनुभवी. शेवटची बाई पंक्चर काढता येणारी हवी. जास्तीची ट्यूब, पाना, हवेचा पंप तिच्याकडे. प्रत्येक वळणावर थांबून मोजणी. पूर्वी सावकाश गटाला जी मिळेल ती प्रमुख द्यायचो. आता क्लबमधली सर्वांत तयार बाई आळीपाळीनं तिथे जाते. त्यामुळे तो गट ‘कच्च्या बायकांचा’ राहिला नाही.

चौथं, थांबा कुठे आहे ते आधी सांगायचं. तिथे बायकांसाठी वापरण्यासारखं स्वच्छतागृह आहे का? पाळी चालू असलेली बाई गट निवडताना हा विचार करते आणि कुणाला सांगत नाही. बाळंतपणानंतर परत येणारी तर पाणीही कमी पिऊन येते. हे धोक्याचं आहे.

पाचवं, गट कायमचा नसतो. या आठवड्यात मधला, आजारपणानंतर सावकाश, पुन्हा मधला. आणि सायकलच्या किमतीवरून किंवा कपड्यांवरून कुणाचा गट ठरवायचा नाही. आधी बाईला विचारायचं, ‘रोज किती चालवतेस? कुठे?’

१९९१ साली तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत तिथे जिल्हाधिकारी होत्या. त्या मोहिमेत अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामगार, अंगणवाडी सेविका हजारोंच्या संख्येनं सायकलवर बसल्या. पाणी, पोरं, बाजाराचा माल त्यांनी सायकलवरून नेला. तिथे किती वेगानं जायचं हा प्रश्नच नव्हता. बसची किंवा घरातल्या पुरुषाची वाट न पाहता जाता येतं का, एवढंच होतं. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आज इथल्या आपल्या क्लबमध्ये गियरच्या सायकलींवरून आपणच आपल्यात पायऱ्या लावतो, तेव्हा मला त्या बायका आठवतात.

मी आता दोन वर्षं सावकाश गटात आहे. साठीच्या काकूंनी मला चढावर गियर कधी बदलायचा ते शिकवलं: चढ सुरू होण्याआधी, चढ लागल्यावर नाही. त्या आशाताई सध्या मधल्या गटाच्या प्रमुख आहेत, त्याच काळ्या सायकलवर. गेल्या महिन्यात आम्ही तिघी मिळून बोपदेव चढलो. मला दोनदा उतरावं लागलं. दोन्ही वेळा त्या थांबल्या.

आपल्या संघटनेत नवी बाई आली की तिला आपण कुठे बसवतो, कोणतं काम देतो, ती यायची बंद झाल्यावर कुणी तिच्या घरी जातं का, हे आज बैठकीत बोलू या. वस्तीत सायकल गट काढायचा असेल तर बैठकीनंतर मला भेटा. दोन जुन्या सायकली दुरुस्त करून ठेवल्या आहेत. शिकवायला आम्ही येतो.